नांदेड-लातूरच्या शेतीत मका : पाण्याचा हिशेब आणि लागवडीचे शास्त्र

गोदावरी, मांजरा, मन्याड, लेंडी आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांची शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावर उभी आहे. एके काळी या भागाची ओळख जोंधळा, कापूस, तूर आणि करडई या पिकांनी होत असे. गेल्या तीन दशकांत खरिपाचा बहुतांश पेरा सोयाबीनने व्यापला आणि लातूरची बाजारपेठ सोयाबीन व तूर या शेतमालासाठी राज्यभर प्रसिद्धी पावली. बाजारात सोयाबीनचे दर कोसळले, अथवा काढणीच्या वेळी पावसाने गाठले, की गावच्या गाव एकाच वेळी अडचणीत येते, हा अनुभव मात्र आता प्रत्येक ग्रामपंचायतीस परिचित झाला आहे. ऑगस्ट २०२५ मधील मुखेड तालुक्यातील अतिवृष्टी आणि त्यापाठोपाठ सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यात आलेले पूर यांनी एका पिकावर विसंबून राहण्यातील धोका पुन्हा एकवार दाखवून दिला.

अशा वेळी मका या पिकाकडे शेतकऱ्यांचे लक्ष वळणे स्वाभाविक आहे. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-बिलोली सीमेपलीकडे तेलंगणातील निजामाबादच्या परिसरात मका हे प्रस्थापित पीक आहे. कोंबडीखाद्य, स्टार्च आणि अलीकडे इथेनॉल या तिन्ही उद्योगांची मागणी त्यास लाभली आहे. तथापि शेजाऱ्याच्या शेतात पिकले म्हणून आपल्याही शेतात पिकेल, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. मका हे भरपूर देणारे पीक असले, तरी ते मागतेही भरपूर. त्यास काय हवे, ते आपल्या रानात आहे किंवा नाही, आणि असल्यास लागवड कोणत्या रीतीने करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मक्याचा प्रवास

मक्याचे मूळ स्थान मेक्सिको होय. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील लोकांनी टिओसिंट नावाच्या रानटी गवतापासून निवडीच्या मार्गाने हे पीक घडविले. कोलंबसाच्या सफरीनंतर ते युरोपात गेले आणि पुढे पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर भारतात पोहोचले, असे सामान्यतः मानले जाते.

भारतात मक्याच्या शास्त्रशुद्ध सुधारणेस १९५७ साली खरी गती मिळाली. त्या वर्षी अखिल भारतीय समन्वित मका सुधार प्रकल्प सुरू झाला. निरनिराळ्या राज्यांतील संशोधन केंद्रांनी एकाच आराखड्यानुसार एकत्रित काम करावे, ही पद्धती देशात प्रथम मक्यासाठी अवलंबिण्यात आली आणि नंतर इतर पिकांनी तिचे अनुकरण केले. १९६१ मध्ये गंगा-१, गंगा-१०१, रणजित आणि डेक्कन हे संकरित वाण प्रसारित झाले. १९६७ मध्ये विजय, किसान, जवाहर, विक्रम यांसारखे संमिश्र वाण आले. आज देशाचे मका उत्पादन वर्षाकाठी चार कोटी टनांच्या पुढे गेले असून त्यातील सर्वांत मोठा वाटा पशुपक्ष्यांच्या खाद्यासाठी वापरला जातो.

डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल तयार करण्यावर केंद्र शासनाने निर्बंध आणले. त्यानंतर इथेनॉलच्या कारखान्यांनी मक्याकडे मोर्चा वळविला. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल मिळते, आणि उरणारा चोथा पशुखाद्य म्हणून विकला जातो. मागणीचा हा नवा मार्ग खुला झाल्याने मक्याच्या दरास आधार मिळाला, हे खरे. परंतु इथेनॉलविषयीचे धोरण वेळोवेळी बदलत असते. केवळ त्याच्या भरवशावर संपूर्ण शेत मक्याखाली आणणे शहाणपणाचे होणार नाही.

सोयाबीन की मका?

गावातील चर्चेत हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर आकड्यांतून शोधणे इष्ट होय. २०२५-२६ या हंगामासाठी केंद्र शासनाने मक्याची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,४०० रुपये आणि सोयाबीनची ५,३२८ रुपये जाहीर केली. या दराने हेक्टरी १८ क्विंटल सोयाबीनचे ९५,९०४ रुपये होतात, तर हेक्टरी ४० क्विंटल मक्याचे ९६,००० रुपये होतात. म्हणजे १८ क्विंटल सोयाबीनची बरोबरी साधण्यासाठी ४० क्विंटल मका पिकवावा लागतो. ज्या शेतात मक्याचे उत्पादन ४० क्विंटलच्या खाली राहील, तेथे ढोबळ उत्पन्नातही तो मागे पडेल.

खर्चाची बाजूही विचारात घेतली पाहिजे. सोयाबीन हे द्विदल पीक असून मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने ते आपल्या नत्राची मोठी गरज स्वतः भागविते. त्यास हेक्टरी सुमारे ३० किलो नत्र दिले की पुरते. संकरित मक्यास मात्र १२० किलो नत्र लागते. शिवाय बाजारातील प्रत्यक्ष दर आधारभूत किमतीपेक्षा कमी राहू शकतो, आणि हे दोन्ही पिकांना सारखेच लागू आहे.

या हिशेबावरून असे दिसते की, सोयाबीन सोडून मका घ्यावा, ही सरसकट शिफारस होऊ शकत नाही. सोयाबीननंतर रब्बीत मका घ्यावा काय, हा अधिक उपयुक्त प्रश्न ठरतो. सोयाबीनचा पालापाचोळा व मुळे जमिनीत राहिल्याने पुढील पिकास थोडे नत्र मिळते. तृणधान्यानंतर पुन्हा तृणधान्य घेण्यापेक्षा द्विदल पिकानंतर मका घेणे जमिनीच्या दृष्टीने हितावह आहे. मात्र रब्बीतील मक्यास पाणी लागते, आणि नांदेड-लातूरमध्ये शेवटी सर्व प्रश्न पाण्यापाशी येऊन थांबतात.

पाण्याचा ताळेबंद

लातूर जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ७५० ते ८०० मिलिमीटर असून नांदेड जिल्ह्याचे ९०० मिलिमीटरच्या आसपास आहे. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात पाऊस अधिक होतो. सरासरीचा आकडा वाईट नाही. परंतु पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मध्ये दीर्घ खंड पडतो. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्याने लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ही घटना विसरता येण्याजोगी नाही.

रब्बी मक्यास साधारणपणे पाच ते सहा पाण्याच्या पाळ्या लागतात. प्रत्येक पाळीस साडेसात सेंटिमीटर पाणी धरल्यास सहा पाळ्यांचे ४५ सेंटिमीटर होते. एका हेक्टरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे एक लाख लिटर. या हिशेबाने एक हेक्टर रब्बी मक्यास सुमारे ४५ लाख लिटर पाणी द्यावे लागते. हरभरा दोन पाळ्यांवर येतो. प्रत्येकी सहा सेंटिमीटर धरल्यास त्यास १२ लाख लिटर पुरते. उलट ऊस वर्षभर आणि त्याहूनही अधिक काळ रानात उभा राहतो व उन्हाळ्यातील पाणीही पितो.

यावरून साधा नियम निघतो. ज्या विहिरीचे पाणी डिसेंबरअखेर आटते, तिच्या शेतात हरभरा अथवा करडई घ्यावी. ज्या विहिरीस अथवा कालव्यास फेब्रुवारीअखेरपर्यंत पाण्याची खात्री आहे, तेथे मका घेण्यास हरकत नाही. जेथे आज ऊस आहे परंतु उन्हाळ्यात त्यास पाणी पुरत नाही, तेथे मका हा उसाचा पर्याय ठरू शकतो, कारण तो सुमारे चार महिन्यांत रान मोकळे करतो. नांदेड जिल्ह्यात विष्णुपुरी, ऊर्ध्व पैनगंगा आणि निम्न मानार, तर लातूर परिसरात मांजरा व निम्न तेरणा या प्रकल्पांच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी पाळ्यांचे वेळापत्रक जाहीर झाल्यानंतरच मक्याचे क्षेत्र ठरवावे.

पाणी केव्हा कमी पडले, यावरही बरेच अवलंबून असते. मक्यात नर व मादी फुले एकाच झाडावर, पण वेगवेगळ्या ठिकाणी असतात. शेंड्यावरील तुरा हा नर फुलोरा, तर कणसाच्या टोकातून बाहेर येणारे रेशमी केस हा मादी फुलोऱ्याचा भाग होय. कणसातील प्रत्येक दाण्यासाठी एक स्वतंत्र केस असतो. त्या केसावर पराग पडला तरच तो दाणा भरतो. तुऱ्यातून पराग गळण्याचा काळ अवघा पाच ते आठ दिवसांचा असतो. या दिवसांत पाण्याचा ताण पडल्यास केस बाहेर येण्यास उशीर होतो. तोपर्यंत पराग संपलेला असतो आणि कणीस अर्धवट अथवा रिकामे राहते. इतर वेळी पडलेला ताण पीक काही प्रमाणात भरून काढू शकते, फुलोऱ्यातील ताण मात्र भरून निघत नाही. पाणी थोडे असेल, तर इतर पाळी लांबवावी, पण तुरा येतेवेळीची व दाणे भरतेवेळीची पाळी चुकवू नये.

जमीन आणि निचरा

मध्यम ते भारी, सेंद्रिय पदार्थांनी युक्त आणि उत्तम निचऱ्याची जमीन मक्यास मानवते. गोदावरी व मांजरेच्या काठच्या काळ्या जमिनी सुपीक आहेत, पण त्यांत निचरा कमी होतो. बालाघाटाच्या पठारावरील हलक्या, उथळ जमिनींत निचरा चांगला असला, तरी ओलावा टिकत नाही. पहिल्या प्रकारात पाणी काढून देणे आणि दुसऱ्या प्रकारात पाणी धरून ठेवणे, ही मशागतीची मुख्य कामे ठरतात.

मक्याचे रोप गुडघ्याएवढे होईपर्यंत साचलेले पाणी मुळीच सहन करीत नाही. मुळांना हवा मिळेनाशी झाली की दोन-तीन दिवसांतच पाने पिवळी पडू लागतात. त्यामुळे भारी जमिनीत खरीप मका सपाट रानात पेरू नये. सरी-वरंब्यावर अथवा रुंद वरंबा-सरी पद्धतीने टोकण करावी. अतिवृष्टीत सरी पाणी वाहून नेते आणि पावसाचा खंड पडल्यास तीच सरी ओल धरून ठेवते. चिभडणाऱ्या व पाणथळ जमिनीत खरीप मका घेऊच नये.

जमीन उन्हाळ्यात नांगरून तापू द्यावी. त्यामुळे किडींचे कोष उघडे पडून नष्ट होतात. पुढे वखराच्या पाळ्या देऊन शेवटच्या पाळीपूर्वी हेक्टरी १० ते १२ टन चांगले कुजलेले शेणखत मिसळावे.

हंगाम, बियाणे आणि अंतर

खरिपातील पेरणी पुरेसा पाऊस झाल्यावर जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत करावी. रब्बीतील पेरणी १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळात उरकावी. सोयाबीनची काढणी लांबल्यास मक्याची पेरणी मागे पडते, म्हणून सोयाबीनचा लवकर येणारा वाण निवडणे श्रेयस्कर. उन्हाळी मका घ्यावयाचाच असल्यास जानेवारीच्या पूर्वार्धात पेरावा. फेब्रुवारीअखेर पेरलेला मका एप्रिलच्या अखेरीस फुलोऱ्यावर येतो. त्या वेळी मराठवाड्यातील तापमान ४० अंशांच्या पुढे असते, पराग वाळतो आणि कणसे भरत नाहीत.

हेक्टरी १५ ते २० किलो, म्हणजे एकरी सुमारे ६ ते ८ किलो बियाणे पुरते. उशिरा व मध्यम कालावधीच्या वाणांसाठी दोन ओळींत ७५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत २० सेंटिमीटर, तर लवकर येणाऱ्या वाणांसाठी ६० व २० सेंटिमीटर अंतर ठेवावे. पेरणी चार ते पाच सेंटिमीटर खोलीवर करावी.

अंतराचे महत्त्व आकड्यांनी अधिक स्पष्ट होते. ७५ बाय २० सेंटिमीटर अंतरावर एका हेक्टरात सुमारे ६६,६०० झाडे बसतात. प्रत्येक झाडास एक कणीस आणि प्रत्येक कणसात १०० ग्रॅम दाणे धरल्यास ६६ क्विंटल उत्पादन होते. उगवण कमी होऊन ५०,००० झाडेच राहिली, तर इतर सर्व काही उत्तम असूनही उत्पादन ५० क्विंटलवर येते. मक्याचे झाड ज्वारीप्रमाणे फुटवे काढून रिकामी जागा भरून काढीत नाही. म्हणून उगवणीनंतर आठ-दहा दिवसांत नांग्या भराव्यात आणि जेथे दोन रोपे असतील तेथे एक जोमदार रोप ठेवून विरळणी करावी.

पराग वाऱ्याने वाहत असल्याने मका दोन-चार ओळींच्या लांब पट्ट्यात लावण्यापेक्षा चौकोनी तुकड्यात लावावा. अरुंद पट्ट्यात पराग शेताबाहेर उडून जातो व कणसे विरळ भरतात.

संकरित बियाणे दर वर्षी नवे घ्यावे लागते. संकरित मक्याचे दाणे पुढील हंगामात पेरल्यास झाडे असमान निघतात आणि उत्पादन घटते. संमिश्र वाणाचे बियाणे मात्र शेताच्या मध्यभागातील निवडक कणसांपासून घरचे ठेवता येते. कोणतेही बियाणे परवानाधारक विक्रेत्याकडून पावतीसह खरेदी करावे. पिशवी, खूणचिठ्ठी आणि मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. उगवणीबाबत तक्रार करण्याची वेळ आली, तर हाच पुरावा उपयोगी पडतो.

खते आणि आंतरमशागत

माती परीक्षण करून त्यानुसार खते देणे केव्हाही उत्तम. सर्वसाधारणपणे संकरित मक्यास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश यांची शिफारस आहे. स्फुरद व पालाश पेरणीच्या वेळी द्यावे. नत्राचे तीन समान हप्ते करून पहिला पेरणीवेळी, दुसरा ३० दिवसांनी व तिसरा ४० ते ४५ दिवसांनी द्यावा.

शेतकऱ्यास ही मात्रा पोत्यांच्या भाषेत सांगावी लागते. पेरणीच्या वेळी १३० किलो डीएपी, ६७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश व ३६ किलो युरिया द्यावा. पुढील दोन्ही हप्त्यांत प्रत्येकी ८७ किलो युरिया द्यावा. या प्रमाणात हेक्टरी शिफारस पूर्ण होते. युरिया ओलावा असताना, झाडापासून थोड्या अंतरावर देऊन मातीने झाकावा. मुसळधार पावसाच्या तोंडावर तो दिल्यास खत वाहून जाते आणि पैसाही जातो. नवीन पानांवर शिरांमध्ये पांढरट पट्टे दिसल्यास जस्ताची कमतरता समजावी. अशा जमिनीत हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट द्यावे.

पहिले ३० ते ४० दिवस पीक तणमुक्त ठेवणे आवश्यक आहे. एक-दोन कोळपण्या व खुरपणी करून तिसऱ्या हप्त्याच्या वेळी झाडांना मातीची भर लावावी. भर लावल्याने झाडे वादळवाऱ्यात लोळत नाहीत. मजुरांची टंचाई असल्यास पेरणीनंतर, उगवणीपूर्वी, ५० टक्के ॲट्राझिन हेक्टरी २ ते २.५ किलो ५०० लिटर पाण्यातून ओल्या जमिनीवर फवारता येते. मात्र मक्यात तूर, मूग, उडीद अथवा सोयाबीन आंतरपीक असल्यास हे तणनाशक वापरू नये. ते मक्यास इजा करीत नाही, पण द्विदल पिके त्याने मरतात.

लष्करी अळीशी सामना

मक्यापुढील आजचे सर्वांत मोठे संकट म्हणजे अमेरिकन लष्करी अळी. मे २०१८ मध्ये ही कीड भारतात प्रथम कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. मादी पतंग पानावर पुंजक्याने अंडी घालते व ती केसांनी झाकते. एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी असतात. अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखी उलटी खूण आणि शेपटीकडील भागावर चौकोनात मांडलेले चार ठळक ठिपके असतात. या दोन खुणांवरून ती शाळकरी मुलासही ओळखता येते.

अळी लहान असताना पान खरवडते व पानावर पांढरे चट्टे दिसतात. मोठी झाल्यावर ती पोंग्यात शिरते, पानांना ओळीने छिद्रे पडतात आणि पोंग्यात भुशासारखी विष्ठा साचते. मोठी अळी पोंग्यात दडून बसल्यावर औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून या किडीच्या बाबतीत लवकर पाहणी करणे, हाच निम्मा उपाय होय.

पाहणीची पद्धत सोपी आहे. शेताच्या पाच ठिकाणी प्रत्येकी २० सलग झाडे तपासावीत. शंभर झाडांपैकी पहिल्या तीन आठवड्यांत पाच आणि त्यानंतर दहा किंवा अधिक झाडे किडलेली आढळल्यास उपाय योजावा. तत्पूर्वी अंडीपुंज व अळ्या हाताने वेचून नष्ट कराव्यात, एकरी पाच कामगंध सापळे लावावेत आणि पक्ष्यांना बसण्यासाठी मचाणे उभारावीत. सुरुवातीच्या अवस्थेत पाच टक्के निंबोळी अर्क अथवा मेटॅरायझियम रिलेयी ही उपयुक्त बुरशी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम घेऊन फवारावी. प्रादुर्भाव वाढल्यास इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी ४ ग्रॅम, अथवा क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी ४ मिलिलिटर, १० लिटर पाण्यात मिसळून फवारणी करावी. फवारा थेट पोंग्यात पडेल अशा रीतीने, सकाळी लवकर अथवा सायंकाळी फवारावे. एकच औषध पुनःपुन्हा वापरू नये. फवारणी केलेला मका चारा म्हणून जनावरांना घालू नये.

एकाच शेतकऱ्याने फवारणी करून ही कीड आटोक्यात येत नाही, कारण पतंग दूरवर उडतात. गावातील पेरणी शक्यतो एकाच पंधरवड्यात होणे आणि सर्वांनी एकत्रितपणे पाहणी करणे आवश्यक आहे.

किनवट, माहूर यांसारख्या वनालगतच्या भागात रानडुकरांचा उपद्रव मक्यास विशेष होतो. दाणे दुधावर येताच राखणीची व्यवस्था न करता येणाऱ्या शेतकऱ्यांनी अशा रानात मका घेण्यापूर्वी विचार करावा. नुकसान झाल्यास वन विभागाकडे विहित मुदतीत अर्ज करता येतो. ग्रामपंचायतीने त्यासाठी साहाय्य करावे.

काढणी, वाळवण आणि साठवण

कणसावरील आवरण पिवळसर पांढरे होऊन वाळले आणि दाण्याच्या तळाशी काळा ठिपका दिसू लागला, की पीक पक्व झाले असे समजावे. या वेळी दाण्यात पुष्कळ ओलावा असतो. कणसे काढून, सोलून उन्हात वाळवावीत व नंतर मळणी यंत्राने दाणे वेगळे करावेत. साठवणुकीसाठी दाण्यातील ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आणावा.

ओलसर मका ढिगात ठेवल्यास त्यावर बुरशी वाढते. त्यांपैकी काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते माणसांना, कोंबड्यांना व दुभत्या जनावरांना घातक असते आणि शिजवल्याने नष्ट होत नाही. म्हणून मका उघड्या मातीवर न वाळवता ताडपत्रीवर अथवा पक्क्या ओट्यावर वाळवावा.

वाळवल्याने वजन घटते, ही शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे. परंतु घट किती, हे माहीत असले पाहिजे. २० टक्के ओलाव्याचा १०० क्विंटल मका १४ टक्क्यांपर्यंत वाळवल्यास तो ९३ क्विंटल भरतो. याचा अर्थ, ओल्या मक्यास क्विंटलला २,००० रुपये मिळत असतील, तर वाळलेल्या मक्यास २,१५० रुपयांहून अधिक दर मिळाला तरच वाळवणे फायद्याचे ठरते. व्यापाऱ्याशी बोलणी करण्यापूर्वी ओलावा मोजून घेतल्यास शेतकऱ्याची बाजू बळकट होते.

देवणी, लाल कंधारी आणि मुरघास

या दोन जिल्ह्यांत मक्याचा विचार केवळ धान्यासाठी करून भागणार नाही. लातूरची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी हे गोवंश या भूमीचे वैभव आहेत. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतील जनावरांचा बाजार त्यांच्यामुळे शोभतो. सोयाबीनच्या प्रसाराबरोबर ज्वारीचा पेरा घटला आणि कडबा महाग झाला. जनावरे कमी होण्यामागील एक कारण चाऱ्याची ही टंचाई होय.

हिरव्या चाऱ्यासाठी आफ्रिकन टॉल हा वाण उपयुक्त आहे. हेक्टरी ७५ किलो बियाणे ३० सेंटिमीटर अंतरावरील ओळींत पेरावे. साधारण ६० ते ७० दिवसांत, निम्मे पीक फुलोऱ्यात असताना कापणी करावी. हेक्टरी ५० ते ६० टन हिरवा चारा मिळतो. कोवळ्या ज्वारीतील विषारी घटकामुळे जनावरे दगावण्याची जी भीती असते, ती मक्याच्या चाऱ्यात नाही.

मुरघास हा दुष्काळी भागातील पशुपालकाचा खरा विमा म्हणता येईल. दाणे दुधाळ अवस्था संपवून पिठाळ होऊ लागले की संपूर्ण झाड कापून त्याचे सुमारे दोन सेंटिमीटर तुकडे करावेत. ते खड्ड्यात, पिशवीत अथवा टाकीत थरावर थर देऊन दाबावेत. हवा राहिली की मुरघास सडतो, म्हणून दाबणे व हवाबंद करणे यांत कसूर करू नये. सुमारे दीड महिन्यात मुरघास तयार होतो. चार जनावरांस रोज प्रत्येकी १५ किलोप्रमाणे ९० दिवस पुरवायचे झाल्यास ५,४०० किलो मुरघास लागतो. एका घनमीटरमध्ये ५०० ते ६०० किलो मावतो, म्हणजे चार मीटर लांब, दोन मीटर रुंद व सव्वा मीटर खोल खड्डा पुरतो. मार्च ते मे या कठीण काळात एवढी सोय झाली, तर जनावर विकण्याची वेळ येत नाही.

गावाने काय करावे?

ग्रामपंचायतीने ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावातील विहिरींची पातळी व उपलब्ध पाणी यांचा ताळेबंद मांडावा आणि रब्बीत किती क्षेत्रावर मका, किती क्षेत्रावर हरभरा, याविषयी विचारविनिमय करावा. प्रत्येक विहिरीचा मालक स्वतंत्र असला, तरी खालचे पाणी सामाईक आहे. एकाने अधिक उपसले की दुसऱ्याचे पीक फुलोऱ्यात वाळते. एक पक्का वाळवण ओटा, एक ओलावामापक आणि सामुदायिक कामगंध सापळे, एवढ्या लहान सोयींनीही पुष्कळ नुकसान टळते.

शिक्षकांना मक्याइतके सोयीचे शिकवण्याचे साधन क्वचितच सापडेल. शाळेच्या परसात पन्नास झाडे लावून, त्यांपैकी दोन-चार कणसांचे केस येण्यापूर्वीच कागदी पिशवीने झाकावेत. ती कणसे रिकामी राहिल्याचे पाहून परागीभवनाचा धडा विद्यार्थ्यांच्या कायमचा लक्षात राहील, आणि फुलोऱ्यातील पाळी का चुकवू नये, हे तेच घरी जाऊन सांगतील.

तांत्रिक मार्गदर्शनासाठी परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, लातूर येथील तसेच नांदेड जिल्ह्यातील पोखर्णी व सगरोळी येथील कृषी विज्ञान केंद्रे आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालये उपलब्ध आहेत. नवीन पीक प्रथमच घेणाऱ्या शेतकऱ्याने पहिल्या वर्षी संपूर्ण शेत न गुंतवता एका एकरावर प्रयोग करावा, खर्च व उत्पन्न वहीत नोंदवावे आणि त्या नोंदींवरून पुढील वर्षाचा निर्णय घ्यावा. कोरडवाहू कुटुंबाला चुकलेल्या एका हंगामाची भरपाई करण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून मका घेण्याचा निर्णय दराच्या बातमीवरून नव्हे, तर विहिरीच्या पाण्याकडे पाहून घेतला जावा.